डेट्रॉइटचं रेनेसान्स सेंटर: पाडापाडीआधी एका रोजच्या वापरणारीचा अनुभव

रेनेसान्स सेंटर, म्हणजे आमचं रेनसेन, कसं दिसतं ते सांगत बसत नाही. नदीकाठचे काचेचे गोल मनोरे डेट्रॉइटच्या प्रत्येक फोटोत असतात. लिहायला बसले कारण जीएमने, म्हणजे जनरल मोटर्स या मोटार कंपनीने, आपलं मुख्यालय इथून वुडवर्ड रस्त्यावरच्या हडसन्सच्या नव्या इमारतीत हलवायचं ठरवलं, यातले दोन मनोरे पाडायची योजना नोव्हेंबर 2024 मध्ये जाहीर झाली आहे, आणि आमच्या ग्रुपवर "पाडा एकदाचं" म्हणणाऱ्यांचीच संख्या जास्त आहे. त्यातले बरेचसे इथे एखाद्या लग्नाला नाहीतर कॉन्फरन्सला येऊन गेलेले. माझं ऑफिस इथल्या 39 मजली मनोऱ्यात आहे आणि नोव्ही या उपनगरातून मी इथे नियमित येते.

आधी तक्रार, आणि ती एकच आहे: वाट सापडत नाही. मधोमध 73 मजल्यांचं गोल हॉटेल, भोवती ऑफिसांचे चार मनोरे आणि खाली सगळ्यांना जोडणारा दुकानांचा गोल तळ. कोपरा म्हणून नाही. त्यामुळे "तिथून डावीकडे वळा" असं कुणाला सांगताच येत नाही. जाडजूड काँक्रीटचे खांब, अर्धवट जिने, पुन्हा तसेच खांब. मनोऱ्यांना 100, 200, 300, 400 असे नंबर आहेत, पण 200 ची लिफ्ट शोधताना 300 ची समोर येते. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, तीही अशी पायपिटीत जाते. वर्षानुवर्षं इथे काम करणारी माणसं पाहुण्याला तोंडी पत्ता सांगत नाहीत, लिफ्टपर्यंत सोडून येतात. आमच्या रिसेप्शनवरच्या बाईंचा निम्मा दिवस लोकांना फोनवरून वाट सांगण्यात जातो. हे मला आजही चीड आणतं.

हे असं का झालं, तेही समजून घेतलं. 1967 च्या दंगलीनंतर शहर रिकामं होत होतं. फोर्ड मोटार कंपनीच्या दुसऱ्या हेन्री फोर्डने पुढाकार घेऊन 1971 मध्ये हा प्रकल्प जाहीर केला, जॉन पोर्टमनने आराखडा केला, 1977 मध्ये उद्घाटन झालं. तेव्हा हे जगातलं सर्वांत उंच हॉटेल होतं. पण जेफरसन अॅव्हेन्यूच्या बाजूला, म्हणजे शहराच्या तोंडावर, यंत्रसामग्री पोटात घेतलेले काँक्रीटचे उंच बांध घातले. रस्त्यावरच्या माणसाला दार दिसेना. 33 कोटी डॉलरांहून जास्त खर्चून उभं राहिलेलं हे संकुल जीएमने 1996 मध्ये 7 कोटी 30 लाखांच्या आसपास घेतलं. पैशाला जपणारी बाई म्हणून सांगते, हा आकडा वाचून पोटात कालवलं.

दुकानं चालली नाहीत याचं खापर लोक शहराच्या गरिबीवर फोडतात. मला ते अर्धंच पटतं. एकदा सापडलेलं दुकान दुसऱ्यांदा सापडत नसेल, तर गिऱ्हाईक येणार कसं? मी स्वतः इथे खरेदी अशी केलीच नाही.

पार्किंगबद्दल थोडक्यात. जवळच्या एका पार्किंगवाल्याने दिवसाचे पैसे दोनदा कापले आणि परत द्यायला दीड महिना लावला. त्यानंतर मी गाडी लांबच्या स्वस्त जागेत लावते आणि पीपल मूव्हरने, म्हणजे शहराच्या मधल्या भागात उंचावरून गोल फिरणाऱ्या छोट्या ट्रेनने, येते. 2024 पासून ती फुकट आहे, स्टेशनातून थेट आत जाता येतं. ट्रेन एकाच दिशेने फिरते, त्यामुळे एका वेळी दोन मिनिटांत पोचलात तर दुसऱ्या वेळी जवळजवळ अख्खा फेरा होतो. पैसे वाचतात, मला चालतं.

इथपर्यंतचं मत मी ऑक्टोबरातच लिहून टाकलं असतं. डिसेंबरात आई-बाबा आले आणि गणित बदललं. बाहेर उणे पंधरा. आईच्या गुडघ्यांना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं, आणि नोव्हीत बर्फात चालणार कुठे? म्हणून दोघांना अधूनमधून बरोबर आणायला लागले. जीएमने पन्नास कोटी डॉलर खर्चून जी डागडुजी केली, 2004 मध्ये पुरी झाली, त्यात त्या बांधांची तोडफोड झाली आणि आतून सगळ्या मनोऱ्यांना वळसा घालणारा काचेचा उजळलेला मार्ग आला. आई त्या मार्गावर फेऱ्या घालायची. सपाट, उबदार, घसरायची भीती नाही. ज्या गोलपणाने मला छळलं तोच तिच्या कामी आला.

बाबा मात्र विंटरगार्डनमधून, म्हणजे नदीकडच्या काचेच्या दालनातून, हलायचे नाहीत. पाच मजली उंच काच, समोर डेट्रॉइट नदी, पलीकडे कॅनडातलं विंडसर. कॅनडा इथून दक्षिणेला येतो, हे त्यांना पटायला वेळ लागला. त्यांची सगळी नोकरी मुंबईच्या गोदीत गेली. एका दुपारी हजारेक फुटी खनिजवाहू बोट काचेसमोरून जात होती, इतकी जवळून की डेकवरच्या माणसाचं नारिंगी जॅकेट दिसलं. बोटीच्या पुढच्या टोकावर बर्फाचा थर, पाण्याच्या रेषेवर हातभर तांबडा रंग उघडा. बाबा म्हणाले, "रिकामी आहे बघ, भरायला चाललीय." बोट खरंच डावीकडे, वर ह्युरॉन सरोवराच्या दिशेने चालली होती. पुढची बोट कधी येणार ते माझ्या फोनवर बघायला शिकले ते.

त्यामुळे आता माझं म्हणणं असं आहे. मनोरे पाडा किंवा ठेवा, दोष त्यांच्या उंचीत नाही, खालच्या तळात आहे. जेफरसनवरून सरळ नदीपर्यंत जाणारी, डोळ्यांना दिसणारी एक वाट काढा. आणि नूतनीकरणाच्या नावाखाली तो काचेचा मार्ग आणि विंटरगार्डन यांना हात लावू नका. थंडीत फुकट बसता-चालता येईल अशी दुसरी जागा मला या शहरात अजून मिळालेली नाही.

कुणाचे आई-वडील हिवाळ्यात येणार असतील तर एक दिवस आणा. 15 जानेवारीच्या आत या, कारण त्यानंतर सू लॉक्स, म्हणजे सुपीरियर सरोवरात बोटी चढवणारी-उतरवणारी जलद्वारं, 25 मार्चपर्यंत बंद असतात आणि मोठ्या बोटी फारशा दिसत नाहीत. आत शिरल्यावर पाट्या वाचत बसू नका, नदीकडचा उजेड दिसेल तिकडे चालत सुटा.