लाइव्ह म्युझिकचा हॉल, व्हीलचेअरवरून पाहिलेला

हॉल साधारण हजार माणसांचा. खाली सगळे उभे, वर छोटी बाल्कनी. नाव देत नाही, कारण याच बांधणीचे हॉल पुष्कळ आहेत आणि चुकाही बहुतेक ठिकाणी याच असतात. इमारतीत फारशी खोट नाही. घोळ होतो तो शोच्या संध्याकाळी जे मांडलं, ओढलं आणि बांधलं जातं त्यात.

मुख्य दाराचा रॅम्प ४५ सेंमी चढतो आणि त्याला ५.४ मीटर लांबी दिली आहे, म्हणजे उतार बरोबर १:१२. दोन्ही बाजूंना कठडा, वर दीड मीटरची सपाट जागा, दार ९० सेंमी मोकळं, उंबरा जवळपास नाहीच. याहून वेगळं काही मागायची गरज नाही. पण शोच्या दिवशी याच रॅम्पसमोर रांगेसाठी बॅरिकेड लागतात आणि त्यांच्यामधली फट ७० सेंमी उरते. हाताने चालवायची नेहमीची खुर्ची ६५ सेंमीच्या आसपास रुंद असते. चाक ढकलणाऱ्याची बोटं लोखंडावर सोलवटतात. मग गार्ड बाजूच्या दाराकडे पाठवतो, आणि तिथे तिकीट स्कॅन करायचं यंत्रच नसतं. एक बॅरिकेड वीस सेंमी सरकवलं तर हा सगळा प्रकार टळतो.

आता प्लॅटफॉर्म, म्हणजे खुर्चीवरच्या प्रेक्षकांसाठी मांडलेला उंच चौथरा. तो साउंड डेस्कच्या शेजारी आहे, ही जागा उत्तम. आवाज तिथेच सर्वात नीट जुळवलेला असतो. उंची ६० सेंमी. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १.०५ ते १.२ मीटरवर असतात, म्हणजे प्लॅटफॉर्मवर ते १.६५ ते १.८ मीटरवर येतात. समोरची गर्दी निव्वळ उभी असेल तर जेमतेम भागतं. हात वर गेले, फोन निघाले, की गायकाचा चेहरा तेवढा उरतो आणि तबला किंवा ड्रम दिसेनासे होतात. ९० सेंमी उंची हवी होती. पण तेवढ्या उंचीला १:१२ ने १०.८ मीटर रॅम्प लागतो, शिवाय मध्ये विसाव्याची सपाट जागा. ६० सेंमीला ७.२ मीटरमध्ये काम होतं. बहुतेक हॉल उंची कमी का ठेवतात, ते इथे कळतं.

त्याहून चिडवणारी गोष्ट म्हणजे पुढचं रेलिंग. वरचा जाड पाइप प्लॅटफॉर्मपासून १.१ मीटरवर, म्हणजे नेमका डोळ्यांच्या रेषेत. सुरक्षेसाठी तो लागतो हे मान्य, पण तोच पाइप बारीक पट्टीचा करता येतो आणि खाली आडव्या दांड्यांऐवजी जाळी बसवता येते. कडेला चाक घसरू नये म्हणून १० सेंमीची पट्टी मात्र आहे, तीही पक्की.

तिकिटं सहा खुर्च्यांची विकतात. प्लॅटफॉर्म सहा मीटर रुंद आहे. एका खुर्चीला ९० सेंमी आणि सोबतच्या माणसाच्या आसनाला किमान ५० धरले, तर चार जोड्यांना ५.६ मीटर लागतात आणि तिथेच जागा संपते. पाचवी-सहावी जोडी आली की सोबत्यांना मागे बसवतात आणि मागची वाट अडते. मग आतल्या माणसाला स्वच्छतागृहात जायचं तर सगळी रांग हलवावी लागते. सोबत्याचं तिकीट मोफत आहे, हे चांगलंच. पण ज्याच्या मदतीसाठी ते दिलं त्याच्यापासून त्याला लांब बसवण्यात काय हशील?

प्लायवूडचा पोकळ प्लॅटफॉर्म बासच्या जड, खालच्या सुरांना ढोलासारखा दणाणतो. ते कंपन चाकांतून थेट पाठीत चढतं. ज्यांना स्नायूंचा ताठरपणा आहे त्यांना त्यामुळे पेटके येऊ शकतात. प्लॅटफॉर्मच्या पायांखाली जाड रबर आणि खालून तिरपे आधार दिले तर बराच फरक पडतो. तोवर बसायला आणि पाठीमागे लावायला फोमची गादी घेऊन जावी.

स्वच्छतागृहाच्या वाटेवर स्टेजकडे जाणारी केबल आडवी येते. तिच्यावर पाच सेंमी उंचीचं रबरी झाकण असतं आणि पुढची लहान चाकं त्याला अडून खुर्ची पुढे कलंडू शकते. ओलांडायचंच असेल तर उलटं व्हावं, मोठी चाकं आधी चढवावीत, सोबत्याने मागून हँडल धरावं. खरा उपाय केबल वरून नेणं हाच, नाहीतर झाकणाच्या दोन्ही बाजूंना ६० सेंमीचा उतार.

स्वच्छतागृहाच्या आतली मापं नीट आहेत: दार बाहेर उघडतं, कमोडशेजारी खुर्ची लावायला ९० सेंमी जागा, आडवा दांडा घट्ट. पण त्याच जागेत पाण्याच्या बाटल्यांची खोकी रचलेली, आणि मदतीची लाल दोरी पुसताना आड येते म्हणून दांड्याला गुंडाळलेली. ती दोरी जमिनीपर्यंत लोंबायला हवी. पडलेला माणूस हात वर नेऊ शकत नाही, म्हणून तर ती असते. आत गेल्यावर पहिल्यांदा ती सोडवून घ्या.

बाल्कनीची लिफ्ट ३०० किलोची आहे. दीडशे किलोची पॉवर चेअर (मोटरवर चालणारी खुर्ची) आणि त्यात बसलेला माणूस, दोन्ही सहज जातात. मात्र आग लागली की लिफ्ट वापरता येत नाही, म्हणून बाल्कनीचं तिकीट घेण्याआधी तिथून खाली कसं आणि कोण नेणार, हे लेखी विचारावं.

हाच प्रश्न खालच्या मजल्यालाही लागू आहे. प्लॅटफॉर्ममागच्या आपत्कालीन दाराबाहेर १५ सेंमीची एक पायरी आहे. एक खुर्ची दोघांनी उचलून तिथून काढता येईल. चार खुर्च्या, धूर आणि पाठीमागे हजार माणसं असताना नाही. १.८ मीटरचा पक्का उतार बाहेर बसेपर्यंत हलकी खुर्ची असेल आणि सोबत धडधाकट माणूस असेल तर जा, आणि दाराच्या बाजूची जागा मागून घ्या. पॉवर चेअरवाल्यांनी, एकटे असाल तर विशेषतः, तूर्त असा हॉल टाळावा.