भरपाई आधी वकिलाच्या खात्यात जाते, गोची तिथेच होते

29 ऑक्टोबर 2018 रोजी लायन एअरचं बोइंग 737 मॅक्स विमान जकार्ताहून उडालं आणि काही मिनिटांत जावा समुद्रात कोसळलं. 189 माणसं गेली. त्यांतल्या काही कुटुंबांनी लॉस एंजेलिसच्या टॉम जिरार्डी या बड्या वकिलाला वकीलपत्र दिलं. बोइंगचं मुख्यालय तेव्हा शिकागोत होतं, म्हणून दावे तिथल्या फेडरल कोर्टात लागले. तडजोड झाली आणि 2020 च्या सुरुवातीच्या महिन्यांत बोइंगनं रक्कम चुकती केली. तरी चार कुटुंबांचे किमान 20 लाख डॉलर त्या वर्षाअखेरपर्यंत त्यांच्या हाती आलेच नाहीत.

अमेरिकेत भरपाईची रक्कम सहसा थेट अशिलाकडे येत नाही. ती वकिलाच्या ‘क्लायंट ट्रस्ट अकाउंट’मध्ये जमा होते. त्यातून वकील आपली फी (साधारण 33 ते 40 टक्के) आणि केसचा खर्च कापून घेतो आणि उरलेले पैसे अशिलाला देतो. हे खातं फर्मच्या स्वतःच्या खात्यापासून वेगळं ठेवावं असा दंडक आहे. पण सही वकिलाची, स्टेटमेंटही त्याच्याकडेच येणार. मग याची टोपी त्याच्या डोक्यावर घालायला कितीसा वेळ लागतो? एकाच्या पैशांतून दुसऱ्याला थोडे द्यायचे, तेवढ्यावर तो काही महिने गप्प बसतो.

कारणंही ठरलेली असतात. जिरार्डीवर लॉस एंजेलिसमध्ये जो फौजदारी खटला चालला (तो दुसऱ्या अशिलांच्या पैशांबाबत होता) त्यात ती नोंदली गेली आहेत: कराचा प्रश्न सुटायचाय, न्यायाधीशांची परवानगी यायचीय, कुणाचं तरी जुनं देणं आधी भागवायचंय. ऐकायला सगळं खरं वाटतं, कारण अशा गोष्टी कधीकधी खरोखरच असतात. फरक एवढाच, की खऱ्या अडचणीचा कागद असतो. कर असेल तर नोटीस असते, परवानगी लागणार असेल तर कोर्टात अर्ज दाखल झालेला असतो आणि त्याला नंबर असतो. तो नंबर मागा. फेडरल कोर्टातली कागदपत्रं पेसर या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही थोडे पैसे भरून पाहता येतात. नंबर मागितल्यावर वकील ‘माझ्यावर विश्वास नाही का’ असं विचारू लागला, तर पुढच्या तयारीला लागलेलं बरं.

जिरार्डीचं बिंग फोडलं ते शिकागोतल्या सहवकिलांच्या फर्मनं. 2 डिसेंबर 2020 रोजी तिनं दावा लावला आणि 14 डिसेंबरला न्यायाधीश थॉमस डर्किन यांनी जिरार्डीला कोर्टाच्या अवमानाबद्दल दोषी धरून त्याची मालमत्ता गोठवली. बारा दिवसांत एवढं झालं. आता कुटुंबांचे पैसे सुटले, असं कुणालाही वाटेल. पण चारच दिवसांनी घेणेकऱ्यांनी जिरार्डी आणि त्याची फर्म दोघांविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज केला. असा अर्ज दाखल झाला की वसुलीच्या कारवाया आपोआप थांबतात आणि ज्याचे पैसे गेले तोही रांगेतला एक घेणेकरी होतो. ट्रस्टचे पैसे वकिलाचे नव्हेत, ते आमचे, असं म्हणता येतं. मात्र आपला डॉलर कुठल्या खात्यातून कुठे गेला हे दाखवावं लागतं, आणि तोवर खातं बहुधा खरवडलेलं असतं.

दिवाणी अवमानाचा हेतू माणसाकडून आदेश पाळून घेणं हा असतो. म्हणून तीन गोष्टी लागतात: स्पष्ट आदेश, तो त्याला माहीत असणं आणि पाळण्याची ताकद असणं. ‘माझ्याकडे आता पैसेच नाहीत’ हे सिद्ध झालं तर तो बचाव ठरतो. शिवाय नुसत्या पैशांच्या निकालासाठी सहसा कुणाला डांबत नाहीत. ‘अमुक खात्यातली अमुक रक्कम अमुक तारखेपर्यंत द्या आणि सगळा हिशेब दाखल करा’ असा आदेश असेल तर तो मोडल्यावर अवमानाची कारवाई करता येते. कॅलिफोर्नियाच्या राज्य न्यायालयात प्रत्येक अवमानाची शिक्षा 1,000 डॉलरपर्यंत दंड आणि 5 दिवसांपर्यंत कैद एवढीच आहे. आदेश पाळणं हातात असूनही जो पाळत नाही, त्याला पाळेपर्यंत आत ठेवता येतं, ती गोष्ट वेगळी.

यानंतर आली कॉन्झर्व्हेटरशिप. प्रौढ माणसाला स्वतःचे व्यवहार सांभाळता येत नाहीत असं ठरलं, की कॅलिफोर्नियाचं कोर्ट त्याच्या वतीनं दुसऱ्याला नेमतं. 2021 च्या सुरुवातीला जिरार्डीच्या भावाची अशी नेमणूक झाली, कारण जिरार्डीचा स्मृतिभ्रंश. ज्याला कालचं आठवत नाही त्याच्याकडून हिशेब कसा काढणार? पण या आदेशाला घाबरून घेणेकऱ्यानं दावा सोडू नये. व्यवहार सांभाळता न येणं आणि फौजदारी खटल्याला तोंड देण्यास असमर्थ असणं, या कायद्याच्या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. जानेवारी 2024 मध्ये फेडरल न्यायाधीशांनी जिरार्डीला खटल्यासाठी सक्षम ठरवलं, ऑगस्टमध्ये ज्यूरीनं चारही आरोपांत दोषी धरलं आणि जून 2025 मध्ये 87 महिन्यांची शिक्षा झाली.

कर्जदार असा कॉन्झर्व्हेटरशिपखाली गेला, तर घेणेकऱ्यानं प्रोबेट कोर्टात (अशा नेमणुका पाहणाऱ्या कोर्टात) ‘रिक्वेस्ट फॉर स्पेशल नोटिस’ दाखल करावी. जीसी-035 नावाचा छोटा फॉर्म आहे. मग मालमत्तेची यादी (ती नेमणुकीपासून 90 दिवसांत द्यावी लागते) आणि पुढचे हिशेब यांची सूचना तुम्हाला मिळते. हा फॉर्म न भरणारे घर विकलं गेल्यावर जागे होतात.

12 जून 2025 च्या अहमदाबाद अपघातानंतर अमेरिकी वकिलांच्या फर्म आपल्याकडे पोचल्या, आणि त्या विमानात महाराष्ट्रातलीही माणसं होती, म्हणून हे मराठीत लिहिणं भाग आहे. भारतात वकिलाला निकालाच्या रकमेवर टक्केवारी घेता येत नाही, तिथे घेता येते. त्यामुळे करारात टक्केवारी खर्च वजा करण्याआधीची की नंतरची हे लिहून घ्या. तडजोडीच्या करारावर स्वतः सही करा आणि त्याची पूर्ण प्रत ठेवा. जिरार्डीच्या एका अशिलाची तडजोड 5 कोटी 30 लाख डॉलरची होती आणि त्याला आकडा सांगितला गेला त्याच्या छोट्याशा भागाएवढा. तुमच्या नावचा चेक वटवण्याचा अधिकार देणारं कुलमुखत्यारपत्र देऊ नका. सहवकिलाचं नाव आणि ईमेल पहिल्या दिवसापासून जवळ असू द्या. दावा निकाली काढताना तडजोडीच्या अंमलबजावणीचा अधिकार कोर्टाकडे राहील असं वाक्य आदेशात घालायला सांगा. नाहीतर फेडरल कोर्टात त्याच न्यायाधीशांकडे परत जाणं अवघड होतं.

बारच्या (वकिलांना परवाना देणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर वकिलाचं नाव टाकून परवाना पाहावा, पण पाटी कोरी दिसली म्हणून निर्धास्त होऊ नये. जिरार्डीविरुद्ध चाळीसेक वर्षांत 205 प्रकरणं नोंदली गेली होती, हे कॅलिफोर्निया स्टेट बारनं 2022 मध्ये जाहीर केलं, आणि त्यांतली शंभराहून जास्त ट्रस्ट खात्याबद्दलची होती. इतकी वर्षं सामान्य अशिलाला त्यातलं काय दिसत होतं?

2023 पासून कॅलिफोर्नियात नियम असा आहे, की पैसे आल्यापासून 14 दिवसांत वकिलानं अशिलाला कळवायचं, आणि वाद नसलेली रक्कम 45 दिवसांत दिली नाही तर नियमभंग झाला असं गृहीत धरतात. पैसे कधी सुटले ती तारीख लेखी विचारा आणि त्यावरून दिवस मोजा. पंचेचाळीसावा दिवस उलटला की लेखी हिशेब मागा, दुसरा वकील गाठा आणि बारकडे तक्रार टाका. खातं रिकामं निघालंच, तर बारचा क्लायंट सिक्युरिटी फंड आहे. त्यातून जास्तीत जास्त 1 लाख डॉलर मिळतात, नुकसान कितीही मोठं असलं तरी.