पंपाखालचं बारीक छिद्र: जुन्या लिक्विड कूल्ड बाईकसोबत आठ महिने

गोव्यात चोडणच्या धक्क्यावर फेरीबोटीच्या रांगेत तापमानाचा लाल दिवा तिसऱ्यांदा पेटला, तेव्हा ही बाईक विकूनच टाकायची असं ठरवलं होतं. 2013चं मॉडेल, 200 सीसी, सेकंडहँड. पिकअप, मायलेज सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर लिहीत नाही.

मयेहून येताना काटा शांत. रांगेत पाच मिनिटं इंजिन चालू राहिलं की पंखा सुरू, तो थांबायचं नाव नाही, मग दिवा. पंधरा दिवसांनी बाजूच्या टाकीतली कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी उतरलेली, आणि घरी फरशीवर थेंब नाही. डिचोलीतल्या मेस्तानं नुसतं ऐकून सांगितलं, "बाब, हेड गॅस्केट गेलं. 14 हजार धर."

हेड गॅस्केट म्हणजे सिलिंडर आणि त्यावरचं हेड यांच्यामधला पातळ थर; तो फाटला की कूलंट, ऑइल आणि जळता वायू एकमेकांत मिसळू शकतात. एवढे पैसे घालण्याआधी मी स्वतः बघितलं. ऑइल स्वच्छ, दुधाळ नाही. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून स्टार्ट केली, बुडबुडे नाहीत (गरम इंजिनावर हे कधीही करू नका, उकळतं कूलंट तोंडावर उडतं). सायलेन्सरमधून गोडसर वासाचा धूर नाही. मग गॅस्केट कशावरून?

झाकणाचं रबर मात्र कडक झालं होतं. झाकणामुळे आत बाहेरच्या हवेपेक्षा 1.1 बार जास्त दाब टिकला तर साधं पाणीसुद्धा 120 अंशांपर्यंत उकळत नाही. दाब सुटला की 100लाच उकळतं. नवं झाकण 350 रुपयांना बसवलं. रेडिएटरच्या पात्यांत खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ बसली होती, ती मागून हलक्या धारेनं धुतली. पंखा वेळेवर थांबू लागला. दोन महिने मी भेटेल त्याला सांगत होतो, दोष झाकणाचाच.

ते अर्धंच खरं निघालं. पातळी उतरतच होती, उलट जरा जास्तच, कारण नवं झाकण दाब नीट धरत होतं.

मे महिन्यात फेरीत इंजिन बंद करून उभा होतो. इंजिन थांबलं की कूलंट फिरत नाही, पण धातूतली उष्णता त्यात उतरत राहते आणि दाब थोडा वेळ चढतो. नेमका तेव्हा बोटीच्या पत्र्यावर हिरवा थेंब पडला. वाकून पाहिलं, तर कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाखाली बारीक छिद्र आणि भोवती वाळलेली पांढरट खपली. एरवी तो थेंब इंजिनाच्या गरम आवरणावरच वाळून जायचा.

हे छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाच्या दांड्यावर दोन सील असतात, एक कूलंट अडवतं, दुसरं ऑइल, आणि मधली जागा इथून बाहेर उघडते. कूलंट टपकलं तर पहिलं गेलं, ऑइल टपकलं तर दुसरं. आधी कुणीतरी त्यात सीलंट भरायचा प्रयत्न केलेला दिसला, आणि माझं डोकं फिरलं. छिद्र पूर्ण बुजलं असतं तर कूलंटला इंजिन ऑइलमध्ये शिरायची वाट मिळाली असती, बेअरिंगं गेली असती. मग खरोखरच 14 हजार!

फोंड्याच्या मेस्तानं दोन्ही सील बदलली. सील 480, मजुरी 500, कूलंट 300. नळाचं पाणी घालू दिलं नाही, क्षार साचतात.

चार महिने झाले, पातळी खुणेवर आहे. बाईक विकत नाही. सकाळी स्टार्ट करण्याआधी त्या छिद्राला कागद लावून बघतो. आजही कोरडा निघाला.