नोकरी गेल्यावर स्वतःच्या खिशातून घेतलेला मेडिक्लेम: दीड वर्षाच्या वापरानंतर

आधी मोजकी माहिती. पॉलिसी 10 लाखांची, फॅमिली फ्लोटर (दोघांत मिळून एकच रक्कम), मी आणि बायको. घेतली तेव्हा माझं वय 57, हिचं 54. मला रक्तदाब, हिला मधुमेह. नवीकोरी घेतलेली नाही. जुन्या नोकरीतल्या ग्रुप मेडिक्लेममधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत आलो, त्याला मायग्रेशन म्हणतात. विमा कंपनीचं नाव देत नाही, कारण खाली लिहिलेलं बहुतेक सगळं दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकालाही लागू पडेल.

चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होतो. जुलै 2024 मध्ये आमची लाइन बंद झाली आणि पन्नाशी ओलांडलेले बरेचजण एकदमच घरी बसलो. ग्रॅच्युइटी, पीएफ, शिल्लक रजा यांवर सगळ्यांनी घसा ताणून चर्चा केली. मेडिक्लेमचं कोणी विचारलं नाही. तो पगाराच्या स्लिपवर कधी दिसलाच नव्हता, मग तो जातोय हे कळणार कसं? आमच्याकडे शेवटच्या कामाच्या दिवशी रात्री बारा वाजता तो संपणार होता. काही ठिकाणी ग्रुप पॉलिसीची मुदत संपेपर्यंत चालू ठेवतात, तेव्हा एच.आर.कडून हे लेखी घ्या.

मायग्रेशनचा हक्क आहे हे एच.आर.ने आपणहून सांगितलं नाही. आमच्यातल्या एकाच्या जावयाने सांगितलं, तो विम्यात काम करतो. विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमानुसार ग्रुपमधल्या सभासदाला त्याच कंपनीच्या वैयक्तिक किंवा फ्लोटर पॉलिसीत जाता येतं आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं प्रतीक्षा कालावधीतून वजा होतात. एवढ्या एका ओळीसाठी मी हा प्रीमियम भरतो. नवी पॉलिसी घेतली असती तर मधुमेह-रक्तदाबासारख्या आधीपासूनच्या आजारांना 36 महिन्यांपर्यंत थांबावं लागलं असतं. (एप्रिल 2024 पूर्वी ही मर्यादा 48 महिने होती.) मोतीबिंदू, हर्निया, पित्ताशयातले खडे, गुडघे बदलणं यांना बहुतेक पॉलिसींत वेगळी दोन वर्षं. आमच्या वयात माणूस नेमका ह्याच गोष्टींसाठी दवाखान्यात जातो.

पण यात एक खोच आहे, आणि ती विकणारा सांगत नाही. जुन्या वर्षांचा फायदा जुन्या विमा रकमेपुरताच मिळतो. आमचं ग्रुप कव्हर 3 लाखांचं होतं. म्हणजे 10 लाखांतले 3 लाख पहिल्या दिवसापासून खरे, उरलेल्या 7 लाखांना घड्याळ नव्याने सुरू.

शिवाय मायग्रेशन म्हणजे आपोआप प्रवेश नाही. कंपनी तब्येत तपासते. घरी येऊन रक्त घेऊन गेले, ईसीजी काढला, मग हिच्या साखरेवरून प्रीमियमवर लोडिंग, म्हणजे जादा आकार, चढवलं. सगळं धरून पहिल्या वर्षाचा आकडा 46,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 8,280, एकूण 54,280 रुपये. आईसाठीही विचारलं होतं, तीही ग्रुपमध्ये होती. ती ऐंशीच्या पुढची. आकडा लाखाच्या आसपास आणि वर 20 टक्के को-पे, म्हणजे प्रत्येक बिलाचा पाचवा हिस्सा आपलाच. तो नाद सोडला. ऑक्टोबरअखेरीस केंद्राची 70 वर्षांवरच्यांसाठीची आयुष्मान वय वंदना योजना आली. उत्पन्नाची अट नाही, आधीच्या आजारांना प्रतीक्षा नाही, 5 लाखांचं कव्हर. आधारवर कार्ड निघालं. आईचा प्रश्न सुटला असं म्हणणार नाही, कारण आमच्या गल्लीतलं रुग्णालय त्या यादीत नाही. पण रात्रीची झोप लागते.

आता वापराबद्दल. 2025 च्या उन्हाळ्यात हिच्या पोटात दुखायला लागलं, सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, बिल 1 लाख 42 हजार. नवी पॉलिसी असती तर वर्षही न उलटल्याने एक पैसा मिळाला नसता. मायग्रेशनमुळे क्लेम बसला आणि रक्कम 3 लाखांच्या आतली असल्याने ती वरची खोचही आड आली नाही.

कॅशलेसला (कंपनी बिल थेट रुग्णालयाला देते) एकच मोठा प्रश्न आला: मधुमेह नेमका कधीपासून? रुग्णालयाच्या केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलं होतं तेवढीच वर्षं पॉलिसी घेताना भरलेल्या आमच्या प्रपोजल फॉर्मवर होती, म्हणून निभावलं. भरती होताना निवासी डॉक्टर घाईत इतिहास विचारतो आणि नातेवाईक 'झाली असतील आठ-दहा वर्षं' म्हणून मोकळे होतात. ते आठ-दहा पुढे कंपनीच्या टेबलावर पुरावा म्हणून येतं. साल सांगा, अंदाज नको. सलग 60 महिने विमा चालू राहिला की लपवाछपवीचं कारण देऊन कंपनीला क्लेम अडवता येत नाही, उघड फसवणूक सोडली तर. आम्ही तोवर पोचलो होतो की नाही हे पाहायची वेळ आली नाही.

आयआरडीएआयच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार पूर्वमंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. पूर्वमंजुरी लवकर आली, कौतुक आहे. डिस्चार्जच्या दिवशी मात्र सकाळी राउंडला डॉक्टर 'जा घरी' म्हणाले आणि आम्ही लिफ्टमध्ये शिरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. हे तीन तास रुग्णालय अंतिम बिल पाठवतं तेव्हापासून मोजतात, आणि बिलिंगवाल्यांना जेवणाची सुट्टी असते.

कापले गेले साधारण 12 हजार. हातमोजे, ड्रेप, कसलेकसले किट, नोंदणी शुल्क. ही यादी सगळीकडे ठरलेली असते. थोडे जास्त पैसे भरून कन्झ्युमेबल्सचा, म्हणजे अशा वापरून टाकायच्या वस्तूंचा, रायडर (जोड-संरक्षण) घेता येतो, आम्ही घेतला नव्हता. खोलीभाड्याची मर्यादा या पॉलिसीत नाही, सिंगल एसी खोली चालते. जुन्या ग्रुपमध्ये विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे दिवसाला 3,000 एवढीच होती. ही अट साधी वाटते, पण 6,000 ची खोली घेतली की फक्त भाड्यातला फरक जात नाही, सर्जनच्या फीपासून ऑपरेशन थिएटरपर्यंत बरंच काही त्याच प्रमाणात निम्मं होतं. स्वस्त पॉलिसी शोधणाऱ्याने सगळ्यात आधी ही ओळ वाचावी.

ओपीडी आणि रोजच्या गोळ्या यात नाहीत. त्या जनऔषधी केंद्रातून आणतो.

मग आलं नूतनीकरण, ऑगस्ट 2025. मूळ प्रीमियम 51,500, जीएसटी 9,270, हातात पावती 60,770 ची. क्लेम घेतल्यामुळे बोनसही नाही. आणि पुढच्या महिन्यात, 22 सप्टेंबरपासून, वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला! नऊ हजार रुपये पाच आठवड्यांनी हुकले. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दिवशी जी भाषा वापरली गेली ती इथे लिहीत नाही. आता कंपन्यांना इनपुट क्रेडिट (स्वतः भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, त्यामुळे तो फायदा मूळ प्रीमियममध्ये किती मुरतो ते येत्या ऑगस्टला दिसेल.

वाढ 12 टक्क्यांची झाली म्हणून तक्रार करायला गेलो तर कळलं, वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढ परवानगीशिवाय नको हा आयआरडीएआयचा जानेवारी 2025 चा आदेश 60 वर्षांवरच्यांसाठी आहे. मी 58. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट हीच. वय वंदना 70 ला, वाढीवरची मर्यादा 60 ला, आरोग्य विम्यावर प्राप्तिकरात 50,000 ची वजावटही 60 ला. नोकरी मात्र 55 ला जाते, आणि त्या वयाचा नवीन माणूस कोणी घेत नाही. वजावटीचं तर सोडाच; ती जुन्या करप्रणालीतच मिळते आणि कर लागण्याइतकं उत्पन्नच नसेल तर कशातून वजा करणार? मुलाने भरला तर त्याला उपयोग, तोही त्याने जुनी प्रणाली निवडली असेल तरच.

ईपीएसची, म्हणजे पीएफबरोबरच्या योजनेची, पेन्शन 58 पूर्ण झाल्यावर सुरू झाली. तिचा हिशोब सप्टेंबर 2014 आधीच्या नोकरीला जास्तीत जास्त 6,500 आणि नंतरच्या नोकरीला जास्तीत जास्त 15,000 पगार धरून बहुतेकांसाठी करतात, प्रत्यक्ष पगार कितीही असो. माझ्या हाती महिन्याला येतात त्यापेक्षा मेडिक्लेमचा महिन्याचा वाटा, 5,064 रुपये, जास्त आहे. आमच्याच शेडमधला, 21,000 च्या आत पगार असलेला, ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा) पाच वर्षांहून जास्त राहून निवृत्त झालेला सहकारी वर्षाला 120 रुपये भरतो आणि नवरा-बायको दोघं मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात जातात. पगार वाढून ईएसआयमधून बाहेर पडलो तेव्हा आम्ही पेढे वाटले होते.

'महात्मा फुले योजना असताना खाजगी कशाला?' असं दोघातिघांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. जुलै 2024 पासून राज्यात सर्व रेशनकार्डधारकांना, पांढऱ्या कार्डालाही, वर्षाला 5 लाखांचं कव्हर आहे आणि हप्ता शून्य. ज्याला प्रीमियम झेपतच नाही त्याने मुळीच लाज न बाळगता तिच्यावर राहावं, घराजवळची कोणती रुग्णालयं यादीत आहेत ते आजच पाहून ठेवावं. मी खाजगी ठेवली ती रुग्णालय निवडता यावं म्हणून, आणि एकदा तोडली तर साठीनंतर पुन्हा आत जाणं अवघड म्हणून. 65 ची प्रवेशमर्यादा एप्रिल 2024 पासून गेली हे खरं, पण दार उघडं असणं आणि तिकीट परवडणं यात फरक आहे. काही पॉलिसींत 61 नंतर आलात की 20 टक्के को-पे कायमचा चिकटतो.

मला गुण द्यायचे तर क्लेमला पाचपैकी चार, प्रीमियमला दोन, माहिती देण्याला शून्य. दोन वर्षांत भरले 1,15,050, कंपनीने रुग्णालयाला दिले 1 लाख 30 हजार. 'म्हणजे वसूल झाले की,' असं एक नातेवाईक म्हणाले. हिच्या पोटाला चार भोकं पडली ती त्यांनी धरली नाहीत.

येत्या ऑगस्टला मूळ पॉलिसी 10 वरून 5 लाखांवर आणून वर 5 लाख डिडक्टिबलचा (म्हणजे वर्षातला 5 लाखांवरचाच खर्च देणारा) सुपर टॉप-अप घ्यायचा विचार आहे. मूळ पॉलिसीचं सातत्य तुटत नाही आणि एकूण खर्च कमी होतो. टॉप-अपला मात्र स्वतःचा प्रतीक्षा कालावधी असतो, म्हणून तो आधी हातात येऊ दे, मग मूळ रक्कम कमी करणार. दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायचा पर्यायही आहे, त्याचा अर्ज मुदत संपायच्या निदान 45 दिवस आधी करावा लागतो, म्हणजे जूनमध्येच कोटेशन मागवावी लागतील. हिची एचबीए1सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) तोवर सातच्या खाली आली तर लोडिंग कमी करा असंही लिहून पाहणार आहे. ते ऐकतात का, ते इथेच कळवीन.