शांती आवेदना सदन, बांद्रा: उपचार थांबल्यानंतरची शुश्रूषा

बांद्र्याच्या मोतमावलीच्या चर्चजवळ असलेले शांती आवेदना सदन हे भारतातील पहिले हॉस्पिस, म्हणजे बरे होण्याची आशा न उरलेल्या रुग्णांचे शुश्रूषागृह. कर्करोग शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसोझा यांनी ते 1986 साली सुरू केले. ज्यांच्या कर्करोगावर आता इलाज उरलेला नाही, अशा रुग्णांना येथे जातधर्म न पाहता आणि एक पैसाही न घेता ठेवून घेतात. माझ्या मावशींच्या शेवटच्या आजारपणात या सेवेचा आम्हाला जो अनुभव आला, त्यावरून हे लिहीत आहे.

मावशींच्या स्तनावरची जखम चिघळली होती आणि वेदनेपेक्षाही त्या वासाने त्या खचल्या होत्या. नातवंडांना जवळ येऊ देत नसत. येथे जखम रोज धुऊन तिच्यावर मेट्रोनिडाझोल या जंतुनाशक औषधाच्या गोळ्यांची पूड घालू लागल्यावर वास ओसरला आणि काही दिवसांतच त्यांनी धाकट्या नातीला खाटेवर बसवून घेतले. मॉर्फिन हे अफूपासून बनणारे वेदनाशामक दुखू लागल्यावर नव्हे, तर ठरलेल्या वेळी, दुखणे डोके वर काढण्याआधी दिले जात असे, आणि त्याने होणाऱ्या बद्धकोष्ठासाठी रेचकही न मागता मिळे. ही पद्धत डॉ. सिसिली सॉण्डर्स यांनी 1967 साली लंडनमध्ये उघडलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसमुळे जगभर रूढ झाली. आपल्याकडे मात्र 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे मॉर्फिन मिळवणेच जिकिरीचे होऊन बसले आणि कायद्यात सुधारणा व्हायला 2014 उजाडले, हे ध्यानात घेतले की या कामाचे मोल कळते.

सॉण्डर्स स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. अटक होण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने शिष्यांना ‘माझ्याबरोबर जागे राहा’ अशी जी विनवणी केली, तिच्यात त्यांना या सेवेचा पाया दिसला. येशूने शिष्यांकडे सुटका मागितली नव्हती, सोबत मागितली होती, आणि शिष्य तर झोपी गेले. सदनातील धर्मभगिनी रात्रपाळीत खाटेशी बसलेल्या पाहिल्या की ही गोष्ट नुसती प्रवचनापुरती राहत नाही.

दुखणे म्हणजे मागच्या जन्माचे भोग, हे आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेले. मावशींनी एकदा विचारलेच, “सिस्टर, मी असं काय पाप केलं होतं?” सिस्टरांनी त्यांची कूस बदलली, पाठीशी उशी लावली आणि म्हणाल्या, “काही नाही केलं, आजी. तुम्हीही नाही आणि तुमच्या आईवडिलांनीही नाही.” हे योहानाच्या शुभवर्तमानातील जन्मांधाच्या गोष्टीतले उत्तर आहे, हे मला पुढे कळले. मावशींना त्याचा उगम ठाऊक नव्हता आणि कोणी सांगितलाही नाही. त्यांचा हरिपाठ शेवटपर्यंत चालू होता.

आपली वेदना ख्रिस्ताच्या वेदनेत मिसळून अर्पण करावी, हा कॅथलिक विचार मला अजूनही पुरता पचलेला नाही. वेदनेचे कौतुक होऊ लागले की मी सावध होतो. पण वेदना आधी शमवायची आणि मगच तिच्या अर्थाविषयी बोलायचे, तेही रुग्णाने विषय काढला तर, हा येथील क्रम मला पटला.

मर्यादाही सांगायला हव्यात. येथे केमोथेरपी होत नाही आणि जगवण्याचा अट्टहासही होत नाही, त्यामुळे ‘अजून काहीतरी करून पाहू’ असे ज्या कुटुंबाला वाटते, त्याला येथे आल्यावर हात टेकल्यासारखे वाटेल. भिंतीवरचा क्रूस आणि प्रार्थनेचे स्वर यांचे काहींना अवघडलेपण वाटू शकते. आम्हाला चार दिवस वाटले, पुढे गेले. बहुतेक नातलग फार उशिरा चौकशी करतात, ही खरी अडचण आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ असे म्हणताच त्यांच्याकडून चिठ्ठी आणि आजाराचे सर्व कागद घेऊन खाटेची विचारणा करावी, आणि रुग्णाला कोठे नेत आहोत हे त्याच्यापासून लपवू नये.