उजनीवरील जुन्या बोटीच्या समोरच्या काचेचे रबर बदलले : एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

उजनीच्या जलाशयात, करमाळा तालुक्याच्या बाजूला, पक्षी पाहायला येणाऱ्यांसाठी चालणारी आमची फायबरची बोट बरीच जुनी आहे. तिच्या समोरच्या काचेचे संपूर्ण रबर आम्ही फेब्रुवारीत बदलले. त्यानंतर सोलापूरचा उन्हाळा आणि अख्खा पावसाळा त्या रबराने सोसला असल्यामुळे आता त्याविषयी खात्रीने लिहिता येते.

मूळ पट्टी पीव्हीसीची होती. अशा पट्टीतला तिला मऊ ठेवणारा घटक उन्हाने हळूहळू निघून जातो, पट्टी कडक होऊन आखडते आणि कोपऱ्यांत फट पडते. आमच्या बोटीत नेमके हेच झाले होते. वाऱ्यासोबत उडणारे पाणी चौकटीतून थेट चालकाच्या गुडघ्यांवर आणि स्टिअरिंगमागच्या वायरींवर येत असे. वायरींवर पडणारे पाणी ही आमची खरी काळजी होती.

काचेवर सिलिकॉन भरून काम भागवावे, असा सल्ला अनेकांनी दिला. तो मला पटला नाही आणि आजही पटत नाही. समोरची काच सहा मिलिमीटर जाडीच्या ॲक्रिलिकची आहे, तर चौकट ॲल्युमिनियमची. तापमान ४० अंशांनी वाढले की एक मीटर लांबीचे ॲक्रिलिक सुमारे तीन मिलिमीटरने वाढते, तेवढेच ॲल्युमिनियम मात्र जेमतेम एका मिलिमीटरने. मे महिन्यात जलाशय उणे साठ्यात, म्हणजे वापरायच्या पाण्याच्या पातळीखाली, गेला की आमची बोट काठावर ओढलेली असते आणि दिवसभर उन्हात तापते. अशा वेळी काच चौकटीला घट्ट चिकटवलेली असेल, तर वाढीचा सगळा ताण स्क्रूच्या छिद्रांभोवती साठतो आणि तिथूनच तडे जाऊ लागतात. रबराने पाणी अडवावे हे खरेच, पण काचेला हलायला जागा देणे हे त्याचे तितकेच महत्त्वाचे काम आहे. म्हणूनच आम्ही स्क्रूची छिद्रेही थोडी मोठी करून घेतली.

नवी पट्टी ईपीडीएम या कृत्रिम रबराची, मध्ये लॉक पट्टी (रबर घट्ट करणारी वेगळी बारीक पट्टी) बसणारी निवडली. ऊन आणि ओझोन या रबराला चांगले सोसतात, परंतु पेट्रोल आणि तेल सोसत नाहीत. त्यामुळे ती बसवताना ग्रीस किंवा तेल न लावता साबणाचे पाणी वापरावे. पट्टीला दोन खाचा असतात, एक काचेच्या जाडीची आणि दुसरी चौकटीच्या पत्र्याची. दोन्ही मापे व्हर्नियरने घेऊनच खरेदी करावी, कारण दुकानात पट्टी नुसती पाहून एखाद्या मिलिमीटरचा फरक लक्षात येत नाही आणि सैल खाच पुढे कोणत्याही उपायाने घट्ट होत नाही.

बसवण्याचे काम सोलापुरात बसच्या काचा बसवणाऱ्या एका अनुभवी कारागिराने केले. त्यांनी रबर आधी काचेला चढवले, चौकटीकडच्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवली, तिची टोके आतल्या बाजूला सोडली आणि बाहेरून एकाने काच दाबत असताना आतून दोरी हळूहळू ओढली. दोरी निघत जाते तशी रबराची कड पत्र्यावर आपोआप चढत जाते. पट्टी ताणून बसवली तर नंतर ती मागे सरकते, म्हणून त्यांनी ती किंचित लांब कापली आणि जोड कोपऱ्यात न घेता खालच्या सरळ कडेच्या मध्यावर घेतला. ॲक्रिलिकला थिनर, पेट्रोल किंवा अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रावण लावू नये. जुना चिकटा आम्ही प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून साबणाच्या कोमट पाण्याने काढला.

उन्हाळ्यानंतर रबर चिकट झाले नाही, आखडलेही नाही. पूर्वी काच तापली की करकर आवाज येत असे, तो थांबला. पुण्याकडच्या धरणांचे पाणी येऊन जलाशय भरल्यावर बोट पुन्हा उतरवली. दुपारच्या जोराच्या वाऱ्यात आणि मुसळधार पावसातही वायरी कोरड्या राहिल्या.

एक उणीव मात्र आहे. डावीकडच्या खालच्या कोपऱ्याचा वळसा फार लहान आहे आणि तिथे सरळ पट्टी वळवल्यामुळे रबराची बाहेरची कड जराशी उचललेली राहते. तिथे उन्हाळ्यात धूळ साठते, आणि ती कोरडीच पुसली तर ॲक्रिलिकवर ओरखडे उठतात. म्हणून आधी भरपूर पाणी ओतावे आणि मगच मऊ कापड फिरवावे. इतक्या लहान वळणासाठी साच्यात तयार झालेला कोपरा मिळाला, तर जास्त पैसे देऊनही तोच घ्यावा, असे माझे मत आहे.

चौकटीच्या खालच्या बाजूची निचऱ्याची बारीक छिद्रे कोणीही बुजवू नयेत. रबर कितीही चांगले असले तरी थोडे पाणी आत शिरतेच आणि त्याला बाहेर जायला वाट हवी. आमच्या बोटीत ती जुन्या सिलिकॉनने बंद झाली होती; तारेने मोकळी केल्यावर चौकटीत पाणी साचणे थांबले. बाजूच्या दोन लहान काचांचे रबर अजून जुनेच आहे. तेही याच पद्धतीने, पुढचे ऊन तापण्याआधी बदलणार आहोत.