चिंचोळ्या पॅसेजसाठी फ्लॅपवाला शू रॅक: कामाचा आहे, पण आधी टेप घ्या हातात

दार उघडलं की चपलांच्या ढिगातून वाट काढत आत शिरायचं, हे ज्यांच्या घरी रोजचं आहे त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. आमचा दारातला पॅसेज जेमतेम 90 सेंटीमीटरचा. साधा उघडा शू रॅक 30-35 सेमी खोल असतो, तो लावला की चालायला उरतात 55-60, म्हणजे हातात पिशव्या असल्या की आडवं होऊनच आत यायचं. म्हणून मग तो भिंतीला फिट करायचा बारीक रॅक घेतला, ज्याचे कप्पे, म्हणजे फ्लॅप, पुढे कलंडतात, खोली फक्त 18 सेमी. भरपूर वापरून झालाय, आता सांगते.

यातली आयडिया अशी की बूट आत आडवे झोपत नाहीत, तिरके उभे राहतात, त्यामुळे 28-29 सेमी लांबीचा बूट सुद्धा एवढ्याशा खोक्यात मावतो. फ्लॅप लावला की बाहेरून साधं कपाट दिसतं, आणि आमचा रॅक जमिनीपासून वीतभर वर लावल्यामुळे खालून झाडू-पोछा सरळ फिरतो, मला विचाराल तर निम्मे पैसे तिथेच वसूल.

आता जोड्यांचा आकडा. बॉक्सवर लिहिलेलं 12 जोड बसतात, बसतात हो, पण सगळ्या सपाट चपला असतील तर. जाड सोलचे स्पोर्ट्स शूज आले की एका फ्लॅपमध्ये दोन, फार तर तीन जोड कोंबता येतात, आणि 10 नंबरच्या पुढचा बूट असेल तर कप्प्याच्या आतली मधली पट्टी काढल्याशिवाय फ्लॅप नीट बंदच होत नाही, बोटभर फट राहते आणि ती येता-जाता डोळ्यात खुपते. घरात मोठ्या पायांची माणसं जास्त असतील तर 22-24 सेमी खोलीचं मॉडेल बघा, चार-पाच सेंटीमीटरनी फार फरक पडतो.

फिटिंगबद्दल जरा स्पष्टच बोलते. हा रॅक भिंतीला न ठोकता नुसता टेकवून ठेवायचा नाही म्हणजे नाही, सगळे फ्लॅप एकदम उघडले की वजन पुढे येतं आणि अख्खा रॅक अंगावर येऊ शकतो, लहान मुलं असतील तर विचारच करू नका. सोबत आलेले स्क्रू आणि गिट्ट्या पक्क्या भिंतीसाठी असतात, जिप्सम बोर्डच्या पार्टिशनला वेगळे अँकर लागतात. आणि स्कर्टिंग! खाली स्कर्टिंगची पट्टी पुढे आलेली असते त्यामुळे पायांवर उभा राहणारा रॅक भिंतीला चिकटत नाही, मागे फट राहते. मागच्या बाजूला खाच असलेलं मॉडेल घ्या नाहीतर वर तेवढ्याच जाडीची लाकडी पट्टी मारून घ्या. फ्लॅप उघडल्यावर किती पुढे येतो तेही मोजा आणि मेन दार पूर्ण उघडून मोजा, नाहीतर दार उघडं असताना रॅक उघडणार नाही.

मटेरियल पार्टिकल बोर्ड, वर लॅमिनेट. कोरडं आहे तोवर मस्त. ओले बूट आत टाकले की पाणी कडेच्या पट्टीतून बोर्डात मुरतं, आमच्या सगळ्यात खालच्या फ्लॅपची कड फुगलीये, तिथे हात फिरवला तर खडबडीत लागते, आणि एकदा फुगलेला बोर्ड परत बसत नाही. शिवाय बंद कप्प्यात हवा खेळत नाही म्हणून वास येतो तो वेगळाच. आधी बाहेर वाळवायचे मगच आत. हे जमणार नसेल तर पत्र्याचा घ्या, फक्त त्याचा फ्लॅप जरा खडखडतो.

वरची फळी किल्ल्या, चष्मा, टपाल एवढ्यासाठीच, हेल्मेट ठेवलं तर अर्धं बाहेर येतं. त्याच्यावर भिंतीला हुकांची पट्टी लावा पण स्क्रूवाली, चिकटवायचे हुक डिस्टेंपरवर टिकत नाहीत, पिशवीच्या वजनाने रंगाच्या पापुद्र्यासकट खाली येतात. लांब बेल्टच्या बॅगा रॅकच्या बरोब्बर वर टांगू नका, फ्लॅप उघडताना दर वेळी बॅग मध्ये येते आणि दर वेळी चिडचिड होते.

बसून बूट घालायचा स्टोरेजवाला बाक पण बघितला होता, साधारण 45 सेमी उंच, बसायला छान, पण खोली परत 35 च्या पुढे आणि झाकण उघडायचं तर वर पडलेलं सगळं सामान आधी उचला. रुंद पॅसेज असेल तरच. दाराला अडकवायच्या कप्प्यांच्या पिशव्या मेन दाराला तर नकोच, वरच्या फटीत हुक अडकून दार घट्ट बसत नाही.

माझ्याकडून 5 पैकी 4 स्टार, एक कापला तो त्या बॉक्सवरच्या आकड्यासाठी. घेताना दुकानदाराला फ्लॅपच्या प्लॅस्टिकच्या बिजागऱ्या सुट्या मिळतात का ते आवर्जून विचारा, रोजच्या उघड-बंदमध्ये सगळा ताण त्यांच्यावरच येतो, आणि त्या मिळत नसतील तर दुसरं मॉडेल बघा.